तीन शून्यं

उन्हाळ्यात आमच्या गच्चीवर एकाच खाटेवर दोन गोष्टी ऊन खात पडलेल्या असायच्या. अर्ध्या खाटेवर मायच्या कुरडया आणि उरलेल्या अर्ध्यावर दादाच्या चिपा. चिपा वाळवायच्या नसतात, पुसायच्या असतात, पण हा फरक मायला कधी पटला नाही. ती कुरडया उलटवायला वर गेली की चिपाही उलट्या करून ठेवायची आणि दादा कपाळाला हात लावायचा, कारण त्या चिपांच्या पाठीवर काचेची बारीक खिडकी असे आणि ऊन त्या खिडकीतूनच आत जायला हवं. आठवडाभर कडक ऊन लागलं की चिपमध्ये भरलेला प्रोग्रॅम पुसला जाई आणि ती पुन्हा भरायला मोकळी होई. मोठ्या शहरांत त्यासाठी जांभळ्या दिव्याची पेटी मिळत असे. आमच्याकडे नागपूरचा मे महिना होता.

"माय, त्या कुरडया नव्हेत वं," दादा खालून सांगायचा.

"मंग माह्या खाटेवर काहून ठेवतो? खाट माही, चादर माही. तुले जागा देऊन राहिली हेच लय समज."

तांडापेठेतलं आमचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत हातमाग, मागच्या खोलीत चूल, आणि मधल्या भिंतीला लागून दादाचं टेबल. बाबांनी विणणं जवळजवळ सोडलं होतं. वस्तीतल्या विणकरांच्या सोसायटीचं रंगघर होतं, तिथे ते सूत रंगवायचे आणि सगळे त्यांना मास्तर म्हणत. घरचा माग सुटीच्या दिवशी तेवढा चालायचा, पण गल्लीतले बाकीचे माग सकाळपासून सुरू असत, इतके की ते थांबले तरच आम्ही मान वर करून पाहायचो. जेवायला बहुतेक ज्वारीची भाकर, लाखोळीची डाळ आणि जवसाची चटणी. ऊन वाढलं की दुपारी आंबील. कुरडयांसाठी माय गहू भिजत घालायची आणि तो आंबायला लागला की दोन्ही खोल्यांत एक आंबट, जड वास भरून राहायचा. बाबांच्या अंगाला रंगाचा आणि वाफेचा वास असे. त्यांच्या नखांच्या कडा कधी निळ्या, कधी लाल. जेवताना त्यांच्या बोटांकडे पाहून आम्ही ओळखायचो की आज कोणता रंग लागला.

मनोहरदादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. डिप्लोमा करून तो बर्डीवरच्या एका दुकानात टीव्ही दुरुस्त करायचा आणि उरलेला सगळा वेळ त्या टेबलाशी. टेबलावर एक उघडं बोर्ड, त्यावर आठ बिटांचा प्रोसेसर, पडद्यासाठी दुकानातून टाकून दिलेला काळापांढरा टीव्ही आणि प्रोग्रॅम साठवायला साधा कॅसेट प्लेअर. आज नातवंडांच्या खिशात जे असतं त्याच्यासमोर ते यंत्र म्हणजे काहीच नव्हे, पण आमच्या गल्लीत कॉम्प्युटर हा शब्द त्या टेबलामुळे आला. त्या प्रोसेसरला फक्त आकडे कळत. माणसासाठी प्रत्येक आज्ञेला तीन-चार अक्षरांचं नाव दिलेलं असे. आपण नावं लिहायची, मग भिंतीवरच्या तक्त्यात बोट फिरवून एकेका नावाचा आकडा शोधायचा आणि बटणं दाबून तो आत भरायचा. मध्येच एखादी आज्ञा राहून गेली तर पुढचे सगळे पत्ते सरकत, म्हणून आम्ही जागोजागी मोकळी जागा सोडत असू. मोकळी जागा म्हणजे शून्य-शून्य. त्याचा अर्थ, काही करू नको, पुढे जा. ही सगळी हमाली यंत्राकडूनच करून घेणारा प्रोग्रॅम म्हणजे असेंब्लर. तो विकत मिळत होता, पण आमच्या यंत्राला चालेल असा नव्हता आणि आम्हाला परवडेल असाही नव्हता. दादानं स्वतःचा लिहिला. तो लिहायला हाताशी असेंब्लर नव्हताच, म्हणून पहिला अख्खा त्यानं तक्त्यावर बोट फिरवत हातानं आकड्यांत उतरवला. दोन हिवाळे त्यात गेले.

घरात हे सगळ्यात आधी कळलं ते बाबांना. एका रविवारी ते मागावर बसले होते. मागाला डॉबी होती, लाकडी पट्ट्यांत खुंट्या ठोकलेली. जिथे खुंटी तिथे धागा उचलला जाई, नाही तिथे खाली राही, आणि त्यातून काठाची नक्षी निघे. दादाचं बोलणं ऐकून ते म्हणाले, "म्हणजे ह्या डॉबीच्या पट्ट्या. अन् तुनं खुंट्या ठोकणारं यंत्रच बनवलं."

"तसंच, बाबा."

"मंग एक खुंटी चुकली तं सगळा काठ बिघडते. ध्यानात ठेव."

यंत्राची मेमरी इतकी लहान होती की प्रोग्रॅम अख्खा आत मावत नसे. म्हणून असेंब्लरला टेप दोनदा ऐकवावी लागे. पहिल्या खेपेला तो कोणतं नाव कुठल्या पत्त्यावर आहे तेवढं गोळा करी, टेप मागे फिरवून दुसऱ्यांदा लावली की आज्ञा आकड्यांत उतरवी. टेप लागली की घरभर चिरका आवाज. शेजारच्या काकू म्हणायच्या, मनोहरच्या रेडिओत मांजर अडकली. विजेचा दाब खालीवर झाला की सगळं पुन्हा पहिल्यापासून, आणि मांजर पुन्हा ओरडायची.

सोसायटीनं उघड्या भट्ट्या काढून वाफेची बंद टाकी घेतली आणि काही महिन्यांनी दादानं तिला जोडायचं यंत्र बनवून दिलं. किती वेळ वाफ सोडायची, कधी थांबायची, ते चिपमधला प्रोग्रॅम ठरवी. झाकणाला एक खटका होता. झाकण उचललं की प्रोग्रॅम लगेच वाफ बंद करी आणि वेळ पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागे. आधी बाबा भिंतीपलीकडचा व्हॉल्व्ह हातानं फिरवून मगच झाकणाला हात लावत. यंत्र आलं आणि वर्षभरात त्यांच्या हाताची ती सवय गेली.

अडचण वेगळीच निघाली. रंग चढत असताना बाबा मध्येच झाकण उचलून काठीनं सुताची लडी वर काढायचे, तिचं टोक चिमटीत पिळायचे आणि दारातल्या उन्हात धरून पाहायचे. त्यांच्या गुरूनं त्यांना तसंच शिकवलं होतं. आणि त्यांनी झाकण उचललं की यंत्र पुन्हा शून्यापासून मोजू लागे.

"रंग घड्याळात दिसत नाही रे," ते जेवताना दादाला म्हणाले. "उन्हात दिसते. आज मरून केला तं वांग्यासारखा निघाला. लोकं काय म्हणते, मालूम आहे? मास्तरच्या पोराची मशीन चहा बी दोनदा उकळते."

"तं झाकण उघडू नका ना, बाबा."

"मंग मास्तर कायले पाहिजे? एखादा घड्याळवाला बसवा तिथं."

दादा हसला, पण त्याला ते लागलं. त्यानं प्रोग्रॅम बदलला. झाकण उघडलं की वाफ बंद व्हावी, मोजणी मात्र थांबून तिथूनच पुढे चालावी, असा. बदललेला प्रोग्रॅम टेपवर होता, चिपमध्ये जायचा होता. तेवढ्यात बंगलोरच्या एका कारखान्यातून त्याला बोलावणं आलं. ते स्वतःचं आठ बिटांचं यंत्र बाजारात आणणार होते आणि त्यांना अशीच साधनं लिहिणारा माणूस हवा होता. दादानं असेंब्लरच्या कॅसेटची एक प्रत रुमालात बांधून घेतली. निघताना मला म्हणाला, "गच्चीवरची चिप आधी वाचून पाह्य. सगळीकडे एफएफ आलं तं ती कोरी झाली समज. मंग टेप दोनदा लाव, चिप भर अन् बसव. कोरी नसंन तं थांब. घाई करू नको."

चिप कोरी झाली नाही. त्या आठवड्यात अवकाळी ढग होते, कुरडयाही चिवट राहिल्या. इकडे लग्नसराईचं सूत रंगघरात येऊन पडलं होतं आणि बाबा रोज घरी चिडून येत. मी तेव्हा पॉलिटेक्निकला पहिल्या वर्षाला होतो आणि दादा नसताना घरातला शहाणा मीच होतो. "ती एक खुंटी काढून टाक ना गा," बाबा म्हणाले, "पुन्हा मोजायची. बाकीचं तो आल्यावर करंन."

एक खुंटी कशी काढायची ते मला माहीत होतं. कोऱ्या चिपमध्ये सगळे बिट एक असतात, तेच ते एफएफ. लिहिताना हव्या त्या एकांचे शून्य करायचे. शून्याचा परत एक करायला ऊन लागतं, एकाचा शून्य मात्र केव्हाही करता येतो. म्हणजे कोणतीही आज्ञा, चिप न पुसता, शून्य-शून्य करून मुकी करता येते. हे मला दादानंच शिकवलं होतं, आणि हा खेळ आपल्या टेबलावरच खेळायचा, असंही बजावलं होतं. झाकणाच्या कामाला हाक मारणारी आज्ञा तीन आकड्यांची होती. मी रंगघरातली जुनी चिप काढून घरी आणली, त्या जागी तीन शून्यं ठोकली आणि चिप परत बसवली. मला वाटलं त्या हाकेमागे फक्त मोजणी आहे. वाफ बंद करणंही त्याच हाकेमागे होतं. प्रोग्रॅमच्या वहीची दोन पानं उलटून पाहिली असती तर दिसलं असतं. तपासलंही मी. बॉयलर पेटलेला नव्हता, टाकी थंड होती. झाकण उचललं, ठेवलं. मोजणी पुढे गेली. मी खूश.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम रंगघरात गेलो, कौतुक ऐकायला. टाकीत मरून रंग होता. बाबांनी मला पाहिलं आणि तिथल्या माणसांना म्हणाले, "आता पाहा, लहान्यानं मोठ्याचं घड्याळ कसं गप केलं." त्यांनी काठी घेतली आणि झाकणाला हात घातला. झाकण थोडं उचललं की टाकीतला घरघर आवाज बंद पडायचा, याची तिथे सगळ्यांना सवय होती. तो बंद पडला नाही. हे माझ्या ध्यानात आलं आणि मी "बाबा" एवढं म्हटलं. हात झाकणावरच ठेवून ते माझ्याकडे वळले आणि त्यांचं तोंड नेमकं उघड्या फटीसमोर आलं. उकळतं लाल पाणी आणि वाफ त्यांच्या तोंडावर आली.

त्यानंतरचं मला तुकड्यांत आठवतं. रिक्षा, ओली चादर, त्यांचे लाल झालेले हात आणि त्यातलं कोणतं लाल रंगाचं आणि कोणतं भाजल्याचं हे कळत नव्हतं. संध्याकाळी दवाखान्यातून मला कपडे आणायला घरी पाठवलं. मी आधी रंगघरात गेलो, चिप काढून खिशात घातली. दुसऱ्या दिवशी ढग गेले होते. मी चिपच्या खिडकीवर ऊन अडवायला चिकटवलेला कागद नखानं खरवडला आणि ती गच्चीवरच्या खाटेवर ठेवली. वळून पाहतो तर माय जिन्यात उभी. दवाखान्यात डबा न्यायला ती घरी आली होती आणि राहिलेल्या कुरडया गोळा करायला वर आली होती. तिनं खाटेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग कुरडया पदरात भरल्या आणि खाली गेली. त्या वर्षीच्या कुरडया आमच्याकडे कोणी तळल्या नाहीत.

दादा मिळेल त्या गाडीनं परत आला. बरेच दिवस तो बाबांच्या खाटेशीच होता. डॉक्टरांनी नजर येणार नाही असं सांगितल्यावर पहिल्यांदा त्यानं मला व्हरांड्यात नेलं.

"टेप दोनदा लावली होती?"

"तू सांगितलं तसंच केलं."

"चिप कुठं आहे?"

"पुसायला ठेवली. काढलेली चिप आपण वरच ठेवतो ना. सवयीनं ठेवली."

तो रागावला नाही. "ठीक आहे," म्हणाला. तोवर चिपमध्ये एफएफशिवाय काही उरलं नव्हतं.

दोन दिवसांनी दुपारी मी बाबांजवळ एकटा होतो. त्यांच्या डोळ्यांवर पट्टी होती. "मनोहर नाही ना इथं?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. "तू टेप लावली नव्हती," ते म्हणाले. "त्या दुपारी मी घरीच लवंडलो होतो. ते मांजर ओरडलं असतं तं मले झोप लागली नसती."

मी रडायला लागलो. म्हटलं, दादाला सांगतो.

"नको सांगू." मग दाराकडे कान देऊन, "त्याले बंगलोरवाल्यांनी घेतलं. सांगून राहिला होता मले. त्याची चूक नाही हे कळलं तं तो जाईन. इथं मंग कोण आहे? मी असा. तू शिकून राहिला. तू चूप राह्य गा."

मी चूप राहिलो. घरी आल्यावर दादानं यंत्र लावलं आणि तोच प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा असेंब्लरला ऐकवला. दरवेळी तो बरोबर उतरे. भिंतीवरच्या तक्त्याशी त्यानं एकेक आकडा ताडून पाहिला. दिवसभर टेप चिरकत राही आणि आता शेजारच्या काकू काही म्हणत नसत. शेवटी एका सकाळी तो मला म्हणाला, "दुसऱ्या खेपेले टेप घसरली असंन. एखादा आकडा गळाला अन् पुढचे सगळे पत्ते सरकले. बेरीज करून पडताळायची सोय मी त्यात ठेवलीच नाही. येवढं साधं मले सुचलं नाही, सुध्या." मी म्हटलं, "असंन." त्यानं बंगलोरला कळवलं की आपलं साधन भरवशाचं नाही आणि आपण येत नाही. यंत्र पोत्यात गेलं. टीव्ही पुढच्या खोलीत आला. गल्लीत लोक म्हणत, मनोहरच्या मशीननं बापाचे डोळे खाल्ले, आणि तो ते खाली मान घालून ऐकून घेई. अमरावती रोडवर वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोडाउनवर त्याला कारकुनी मिळाली. ट्रकची आवकजावक लिहायची. तिथूनच तो निवृत्त झाला. त्याच्या पगारावर मी डिप्लोमा केला, पुढे डिग्री केली, इंजिनियर झालो, प्रतापनगरला घर बांधलं. बाबा त्यानंतर खूप वर्षं जगले. मागाच्या बाकावर बसून सुताची लडी बोटांनी चाचपत राहायचे आणि मायला विचारायचे, ही कोणत्या रंगाची वं? माय सांगायची. खरं सांगायची की नाही, मला माहीत नाही.

हे मी लिहिलं नसतं. मागच्या महिन्यात वाडीला दादाकडे गेलो होतो. त्याची नात ऋतुजा कॉम्प्युटरचं शिकते. तिनं लॅपटॉपवर एक जुनं आठ बिटांचं यंत्र चालवून दाखवलं. आता हौशी लोक हे करतात म्हणे, जुनी यंत्रं आणि त्यांचे असेंब्लर पुन्हा जिवंत करतात. दादानं चष्मा वर करून पाहिलं. "हे दोनदा वाचते का?" त्यानं विचारलं. ती म्हणाली, "हो आजोबा, पण तुम्हाला कसं माहीत?" तेव्हा तो म्हणाला, "मी बी एक केला होता. पण त्यात चूक होती. तुह्या पणजोबाचे डोळे त्यात गेले." चहात साखर कमी आहे म्हणावं, इतक्या सहज म्हणाला.

ती आत गेल्यावर मी त्याला सांगितलं. पहिल्यांदा तो कामाचं तेवढं विचारत राहिला.

"किती आकडे?"

"तीन."

"हाकेवर?"

"हो."

"तपासलं कसं?"

"थंड टाकीवर."

त्यानं मान हलवली. "म्हणजे दुसऱ्या खेपेले पत्ते जुळतच होते."

"ती खेप झालीच नव्हती, दादा. तुझ्यात काही चुकलं नव्हतं."

बाहेर ट्रक मागे घेत होते, क्लीनर पोरगा मागून हाका देत होता. दादानं सवयीनं ट्रकचा नंबर वाचला. मग म्हणाला, "मंग मी काहून नाही गेलो गा?"

मी त्याला बाबांचं बोलणं सांगितलं. त्यानं ते दोनदा सांगायला लावलं, शब्दन् शब्द. "आईले माहीत होतं?" त्यानं विचारलं. घरात कोणी मायला आई म्हणत नसे, त्या दिवशी तो म्हणाला. मी गच्चीचं सांगितलं.

"ऋतुजाले तू सांग," तो म्हणाला. "मी सांगितलं तं तिले वाटंन म्हातारा सारवासारव करून राहिला. अन् तोंडी नको. तोंडी तं तू मले बी सांगितलं होतं, तसंच केलं म्हणून. लिहून दे. बाबाचं बी लिही."

लिहिलं आहे. उद्या नेऊन देणार आहे. दादा म्हणतो, तो वाचणार नाही, त्यात काय आहे ते त्याला आता माहीत आहे. एक गोष्ट मी त्याला त्या दिवशीही सांगितली नाही. दवाखान्यात बाबा मला चूप राहायला म्हणाले तेव्हा मी रडत होतो, आणि मला हायसं वाटलं होतं.